लाडकुंवरबाईंच्या नावाची फळी

मित्रांनो, मी एक फळी आहे. सागाची आहे, जुनी आहे, आणि गेली सहा वर्षं नुसती उभी आहे. जळगावच्या एका कॉलेजात, ऑफिसच्या दाराशेजारी, भिंतीला टेकून. येणारे-जाणारे मला नमस्कार करतात. फळीला नमस्कार. तुम्हाला हसू येईल. मलाही पहिल्या दिवशी आलं होतं.

मला शाळा-बिळा काही नाही. जे पाहिलं, ऐकलं आणि अंगावरून गेलं, तेवढंच सांगते. पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या.

माझा साग सातपुड्याचा. मला बनवलं रावेरला, वना मिस्तरीनं. तीन पाट शेजारी-शेजारी ठेवले, खालून आडव्या दांड्या ठोकल्या, वरून पाय घसरू नये म्हणून बारीक पट्ट्या मारल्या. बारा फूट लांब, तीन फूट रुंद. एक टोक जमिनीवर आणि दुसरं ट्रकच्या फाळक्यावर. खांद्यावर केळीचा घड घेऊन हमाल एका बाजूनं चढायचे आणि मोकळे होऊन दुसऱ्या बाजूनं उतरायचे. वना मिस्तरी म्हणायचा, "फळी अशी पाह्यजे का मानसाले खाली पाहाची गरज नाई पडली पाह्यजे." तो असं बोलायचा आणि मला फार मोठं वाटायचं.

पंधरा वर्षं मी रावेरच्या एका वखारीत केळी चढवली. केळीचा चीक माझ्यात मुरला, काळे डाग पडले, ते कधी गेले नाहीत. उन्हाळ्यात हमालांचे पाय भाजायचे, ते माझ्यावर पाणी मारायचे, आणि मी जराशी फुगायचे. भांडणं व्हायची, शिव्या व्हायच्या, पण एक माणूस माझ्यावरून पडला नाही. एवढी एक गोष्ट मी मोठेपणानं सांगू शकते.

मग त्या वखारीत ट्रकच्या उंचीचा दगडी ओटा बांधला. माझं काम संपलं. मला शेडच्या मागं टाकलं. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. फळीचं असं असतं बघा. ती आडवी पडून कोणाच्या तरी पायाखाली असते, तोवर ती फळी. नाहीतर लाकूड.

एकोणीसशे सत्तरच्या पावसाळ्यात तिथं एक माणूस आला. पांढरा शर्ट, काखेत छत्री. हे सुकदेव महाजन सर. त्यांच्या भावाची केळी त्या वखारीत यायची. सर जळगावच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांनी कोंबड्या हुसकल्या आणि मला पायानं दाबून पाहिलं.

"मिस्तरी, ही कोणाची?"

"कोनाचीच नाई आता," वना म्हणाला. "कायले पाह्यजे तुमाले? चुलीत घालाले?"

"एका मुलीला तीन पायऱ्या चढायच्यात."

"मंग चढत कामून नाई?"

"तिचे पाय चालत नाहीत. तीनचाकी आहे तिची, हातानं फिरवायची."

वनानं हातोडी आणि पटाशी आणली. मग त्यानं माझ्यावरच्या बारीक पट्ट्या एकेक करून उपटल्या, कारण चाकाला त्या अडल्या असत्या. खालचं टोक तासून चोचीसारखं निमुळतं केलं. म्हणाला, "मी येतो संगं. कशी बसते ते मले पाहू द्या." आणि केळीच्या ट्रकवर माझ्या अंगावर बसून तो जळगावला आला.

त्या मुलीचं नाव चंद्रकांता. तिची हकिगत मला हिलालनं सांगितली. म्हणजे मला नाही सांगितली, मला टेकून वनाला सांगितली. हिलाल म्हणजे कॉलेजचा शिपाई, मूळचा धुळ्याकडचा. बिडी आणि गप्पा, दोन्हीला कमी नाही.

चंद्रकांता रिखबचंद शेठची मुलगी. त्यांचं कापडाचं दुकान. चार वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले. घरातच शिकून मॅट्रिक झाली. कॉलेजचं नाव काढलं तेव्हा घरात सगळे नको म्हणाले. एकटी तिची आजी, लाडकुंवरबाई, हटून बसली. दोन दिवस जेवली नाही. तेव्हा रिखबशेठनी भुसावळच्या एका सायकलवाल्याकडून तीनचाकी करून घेतली आणि मुलीला बजावलं, "आपली आपण जायचं, आपली आपण यायचं. ज्या दिवशी परक्या माणसानं तुला हात लावून उचललं, त्या दिवसापासून कॉलेज बंद. आपल्या घरात हे चालत नाही."

मुलगी हो म्हणाली. दीड मैल स्वतः हातानं पायडल फिरवत आली. कॉलेजच्या दारात तीन पायऱ्या.

"मंग?" वनानं विचारलं.

"मंग काय," हिलाल म्हणाला. "तठे खिडकीखाले निंबना झाड शे ना, त्यानाखाले गाडी उभी करस आणि बाहेरथीन ऐकस. सर हजेरी लेतस तव्हय बाहेरथीन 'हजर' म्हणस. पण वहीत गैरहजर. वर्गात नही ना ती."

तीन महिने ती पोर लिंबाखाली बसून शिकली. पाऊस आला की वही पदराखाली. त्या वर्षी कॉलेजात सेवा योजना नवीन निघाली होती आणि महाजन सर तिचे प्रमुख होते. मुलं घेऊन ते पहूरला रस्ता करायला निघाले होते. चंद्रकांतानं त्यांना फाटकातच गाठलं. म्हणाली, "सर, पहूरचा रस्ता झाला की माझ्या तीन पायऱ्यांकडं बघाल का? कुदळ लागणार नाही." सर म्हणे त्या दिवशी पहूरला गेले खरे, पण तिथं त्यांचं लक्ष लागलं नाही. पुढल्या आठवड्यात ते रावेरला माझ्यापुढं उभे.

मला पायऱ्यांवर मांडलं तो दिवस मी विसरायची नाही. वनानं खाली दोन दगडांची पाचर दिली आणि वर उड्या मारून पाहिलं. मग चंद्रकांता आली. सतरा-अठरा वर्षांची, दोन वेण्या, दंड मात्र हमालासारखे. हिलाल दोन्ही हात पसरून मागं उभा.

"पोरी, धरू का? कोणी देखत नही."

"मी देखते ना काका," ती म्हणाली. "हात मागं घ्या."

तिनं पायडल मारलं. हमालाचं वजन माझ्यावर पावलापावलानं यायचं. हिचं वजन एका रेघेत आलं, सलग, थांबलं नाही. मध्यावर जरा श्वास घेतला, पुन्हा मारलं, आणि वर. व्हरांड्यात पोचल्यावर तिनं मागं वळून पायऱ्यांकडं पाहिलं. वना मिस्तरी मात्र नाक शिंकरायला लिंबामागं गेला.

दीड वर्ष मी काम केलं. रोज सकाळी वर, दुपारी खाली. पोरं चेष्टा करायची. "सरका रे, एस.टी. आली." ती म्हणायची, "एस.टी. आहे, हात दाखवल्याशिवाय थांबणार नाही." मग तीच पोरं तिच्या वह्या उतरवून न्यायला लागली. हजेरीच्या वहीत ती आता हजर होती. इतर पोरंही माझ्यावरूनच यायला लागली, पायऱ्या सोडून. म्हातारे हेडक्लार्क गुडघ्यावर हात ठेवत माझ्यावरूनच चढायचे आणि म्हणायचे, "ही आधी का नाही सुचली कोणाला?"

आता वाईट भाग. मित्रांनो, त्यात कोणी वाईट माणूस नाही. तुम्ही शोधत बसाल तर सापडायचा नाही. म्हणून तर मला इतकं लागतं.

एकाहत्तरच्या दिवाळीत लाडकुंवरबाई गेल्या. त्याच सुमाराला माझे पाट जरा सुटायला लागले. ऊन, पाऊस, वर दिवसभर पोरं. महाजन सर म्हणाले, लोखंडी पट्ट्या बसवायला हव्यात. रिखबशेठच्या कानावर गेलं. ते स्वतः कॉलेजात आले, डोक्यावर पागोटं, चेहरा उतरलेला. म्हणाले, "सर, पट्ट्या, रंग, जे काय लागेल ते माझ्याकडून. माझ्या बाईच्या नावानं." आईला ते बाई म्हणायचे. प्रिन्सिपॉल खूश झाले. म्हणाले, "जानेवारीत विद्यापीठाची समिती तपासणीला येणार आहे. त्यांच्यासमोरच अर्पण करू."

तुम्हाला आमच्याकडची पद्धत ठाऊक आहे. कोणाच्या आठवणीनं काही दिलं की त्यावर त्या माणसाचं नाव लागतं. पाणपोईवर नाव, पंख्याच्या पात्यावर नाव, बाकाच्या पाठीवर नाव. मग फळीवर नाव नको का? प्रिन्सिपॉलना वाटलं, हवंच. सरांना वाटलं, हवंच. शेठना तर वाटलंच. वनानं पट्ट्या ठोकल्या, पेंटर आला, त्यानं मला निळा रंग दिला आणि माझ्या बरोबर मध्यावर पिवळ्या अक्षरात लिहिलं: स्व. लाडकुंवरबाई यांच्या स्मरणार्थ. टपोरी अक्षरं, हात-हात भर. तीन दिवस मी वाळत पडले होते. चाळीस माणसं मला बघून गेली. अक्षर चांगलं आहे म्हणाली. फळीवरून चालायचं असतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वनाच्यासुद्धा.

समिती आली. खुर्च्या, हार, पेढे. मला पायऱ्यांवर मांडलं. रिखबशेठ पुढं आले. त्यांनी जोडे काढले, माझ्यावर हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि वाकून नावाला डोकं टेकवलं. त्यांच्या कपाळाचा ओलावा माझ्या रंगाला लागला. त्यांच्यामागं घरच्या बायका वाकल्या. मग प्रिन्सिपॉल वाकले. मग काय, सगळ्यांनीच रांग लावली.

शेवटी महाजन सर म्हणाले, "आता चंद्रकांता वर येईल."

ती खाली तयारच होती. तिनं पायडलवर हात ठेवला. पुढचं चाक माझ्या टोकावर चढलं.

"थांब," रिखबशेठ म्हणाले.

जोरात नाही म्हणाले. अगदी हळू. पण तिचे हात थांबले. शेठ माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं, की एखाद्याला आपलीच चूक आपल्यासमोर उभी दिसावी. "बाईच्या नावावरून चाक?" ते म्हणाले. ते ऐकल्यावर सगळ्यांनाच ते दिसलं.

वना पुढं झाला. "उलटी करू या. नाव खाली जाईन."

"खाली म्हणजे मातीत?" शेठनी विचारलं.

आणि उलटी करून तरी काय, माझ्या पोटाला त्या आडव्या दांड्या. चाक दर दोन फुटाला अडलं असतं.

समितीच्या मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "शेठजी, आईविषयीची ही भावना आजकाल दिसत नाही. फार चांगले संस्कार." त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकदा टाळ्या वाजल्या की मग पुढं कोण काय बोलणार? हिलालनं आणि दोन पोरांनी मला उचललं, भिंतीला उभं केलं. "आजना दिन राहू द्या," हिलाल म्हणाला. "सकाय देखूत." उद्या बघू. त्या 'उद्या'नं माझं वाटोळं केलं.

चंद्रकांता सगळं संपेपर्यंत खालीच होती. तिला पेढा खालीच नेऊन दिला.

महिन्याभरानं समितीचा कागद आला. क्लार्कनं व्हरांड्यात मोठ्यानं वाचला. 'अपंग विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयात फळीची सोय आहे. समाधानकारक.' मी तिथंच उभी होते. ती तिथंच लिंबाखाली होती. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं, अहो, ती सोय म्हणजे मी, आणि मी भिंतीला आहे. पण फळीला तोंड नसतं. पोट आणि पाठ असते फक्त.

महाजन सर स्वस्थ बसले नाहीत, हे सांगायला पाहिजे. प्रिन्सिपॉलकडं गेले. मी दाराशेजारी, सगळं ऐकू यायचं.

"सिमेंटचा उतार करू."

"करू की. मंडळाचा ठराव लागेल. बैठक एप्रिलात."

"मग तोवर दुसरी फळी आणतो."

"महाजन, शेठच्या आईची फळी बाजूला ठेवायची आणि दुसरी वापरायची? शेठना काय वाटेल?"

सर शेठच्या दुकानात गेले. परत येऊन हिलालला म्हणाले, "शेठना वाईट वाटणार नाही. ते म्हणतात, आणा. पण ते मान वर करून बोलले नाहीत रे. कापडच मोजत राहिले."

दरम्यान एक दुपार आली. सगळे वर्ग सुटले होते. चंद्रकांतानं गाडी पायऱ्यांपाशी आणली, अगदी चिकटून. मी वर व्हरांड्यात, ती खाली. तिनं वर पाहिलं. मला नाही, नावाला.

"दादी," ती म्हणाली, "खाली ये ना. सारे तुला डोकं टेकवतात. मला वर घेत नाही कोणी."

मित्रांनो, मी पंधरा वर्षं हमालांचं ओझं झेललं. ते एवढंसं बोलणं मला झेपलं नाही. मला वाटलं, आत्ता वारा सुटावा, भूकंप व्हावा, काहीही व्हावं आणि मी धाडकन तिच्यापुढं आडवी पडावी. वारा सुटला नाही. फळी आपली आपण पडूही शकत नाही. कोणीतरी ठेवावं लागतं.

मार्च आला. हजेरी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही, असा विद्यापीठाचा नियम. तिला वीसेक दिवस कमी पडत होते. महाजन सरांनी रावेरहून दोन पाट आणले, ट्रकला लावतात तसेच, पण अरुंद. माझ्यासारखी रुंद फळी वनाला इतक्यात करून देता येणार नव्हती, तो लग्नसराईच्या पलंगांत अडकला होता. सरांनी दोन पाट शेजारी-शेजारी मांडले, दोरीनं बांधले. मी भिंतीवरून बघत होते. मला दिसत होतं. दोरीनं पाट एक होत नाहीत. खालून दांडी लागते. मला ते माझ्या पोटावरून माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

पहिले चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी ती मध्यावर आली आणि दोरी सैल पडली. पाट फाकले. पुढचं चाक फटीत गेलं. गाडी एका अंगाला कलंडली आणि चंद्रकांता पायऱ्यांवर पडली. हनुवटी फुटली. गाडी तिच्या पायांवर.

ती ओरडली नाही. तिनं आधी दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "कोणी हात लावू नका. मी उठते."

कशी उठणार होती? पायांवर गाडी. रक्त गळ्यापर्यंत. वर्गातली पोरं धावत आली. चांगली पोरं होती ती, तिच्या वह्या उतरवून नेणारी. चौघांनी गाडी उचलली, दोघांनी तिला उचललं. ती म्हणतच होती, "नको, नको, मी उठते." त्यांनी तिला सांभाळून, अगदी काचेच्या भांड्यासारखं वर आणून बाकावर ठेवलं. आणि बाक कोणता, तर शेठनी माझ्याबरोबरच दिलेला, पाठीवर लाडकुंवरबाईंचं नाव असलेला.

ती गोष्ट तासाभरात बाजारात पोचली. रिखबशेठ टांगा घेऊन आले. मुलीच्या हनुवटीवर हिलालनं हळद दाबली होती. शेठ तिच्यासमोर उभे राहिले.

"पोरांनी उचललं?"

"हो," ती म्हणाली. खोटं बोलायची सोय होती, ती बोलली नाही.

"बेटा, मी शब्द दिला होता घरात."

"माहीत आहे बापूजी."

एवढंच. ती परत कॉलेजात आली नाही. शेठनी रागावून नाही नेलं हो. रागावले असते तर महाजन सरांना भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर एका रविवारी कॉलेज बंद असताना शेठ पुन्हा आले. सोबत वना मिस्तरी, त्याच्या हातात रंधा. हिलालनं फाटक उघडलं. माझ्या जिवात जीव आला. त्यांनी मला खाली आडवं घातलं. किती दिवसांनी पोट जमिनीला लागलं. वनानं रंध्याचं पातं अंगठ्यानं पाहिलं.

"पाच मिन्टाचं काम आहे शेठ. हात काढा."

शेठचा तळवा नावावर होता. "काढतो," ते म्हणाले. निघाला नाही.

"बाई म्हणायची, पोरीला अडवू नको," शेठ म्हणाले. "दोन दिवस जेवली नव्हती."

"मंग तिचंच तं काम होऊ रायलं."

"कळतं रे. सगळं कळतं मला. पण माझ्या हातानं बाईचं नाव पुसू? तिला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही अजून."

"हात तं माहा आहे. तुमचा कुठी?"

"सांगणारा तर मीच ना."

वना उकिडवा बसला होता, तसाच बसून राहिला. हिलालनं बिडी पेटवली आणि विझवून टाकली. मला सांगावंसं वाटत होतं, शेठ, मारायला सांगा रंधा. मला दुखत नाही. माझ्यावरून इतके हमाल गेले, एकाचंही नाव माझ्यावर नाही, पण कोण कुठं पाय ठेवायचा ते मला अजून ठाऊक आहे. तुमच्या आईचं नाव खरवडलं म्हणून ती कुठं जाणार आहे? पण मी म्हटलं ना, पोट आणि पाठ.

शेवटी शेठनी उपरण्यानं नावावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "राहू दे. उद्या बघू."

मला पुन्हा उभं केलं. वना जाताना माझ्या कडेवर बोटं मारून गेला, टक टक, जनावराला थोपटतात तसं. तो मला भेटला ते शेवटचं.

एप्रिलात मंडळाची बैठक झाली. उताराचा विषय निघाला तेव्हा कोणीतरी म्हणालं, आता ती मुलगी तर येत नाही. विषय संपला. महाजन सरांनी सेवा योजना सोडली नाही, पण ते माझ्यासमोरून जाताना खाली बघून जायचे. पुढं त्यांची बदली झाली.

चंद्रकांता घरीच असते. माडीवर नाही, खालच्या खोलीत, रस्त्याच्या खिडकीशी. गल्लीतल्या पोरांना शिकवते, असं हिलाल सांगतो. कोणी हजेरीला उशिरा आलं तर बाहेरून 'हजर' म्हणू देत नाही. आत ये, मग म्हण, म्हणते.

मी इथं. दरवर्षी बाईंच्या तिथीला शेठकडून हार येतो. हिलाल ओल्या फडक्यानं नाव पुसतो. निळा रंग उडाला, केळीच्या चिकाचे जुने डाग पुन्हा वर आले, पण पिवळी अक्षरं तेवढी शाबूत. पेंटरनं फार चांगला रंग वापरला होता.

हे सगळं मी आजच का सांगते, ते ऐका. यंदा, अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमध्ये, धुळ्याकडून एक विद्यार्थी आला. पंडित नाव त्याचं. शेतकऱ्याच्या घरचा. त्याचे पाय लहानपणापासूनच बारीक, गुडघ्यात वळलेले. त्याच्याकडं गाडीही नाही. हातांना टायरचे तुकडे बांधतो आणि हातांवर चालतो. दप्तर पाठीला बांधलेलं.

पहिल्या दिवशी तो पायऱ्यांपाशी थांबला. वर माझ्याकडं पाहिलं. हिलाल आता म्हातारा झाला, स्टुलावर बसून असतो. पंडितनं विचारलं, "नाना, ती फळी कसानी शे?"

हिलाल स्टुलावरून अर्धवट उठला. "ती," तो म्हणाला, "ती तुन्हाकरता शे." मग म्हणाला, "म्हणजे व्हती."

पंडितला काही समजलं नाही. त्यानं माझ्यावरचं नाव वाचलं, ओठ हलवत, एकेक अक्षर. मग त्यानं उजव्या हाताचा टायर काढला, हात कपाळाला लावून बाईंच्या नावाला नमस्कार केला, टायर पुन्हा बांधला आणि हातांवर जोर देत एकेक पायरी चढायला लागला. पहिली. दुसरी. तिसरीवर त्याचा तळवा घसरला, त्यानं पुन्हा ठेवला. माझ्यापासून दोन हातांवर. मी बघत होते. बघण्याशिवाय मी गेली सहा वर्षं दुसरं काय केलंय?

मित्रांनो, तुम्ही या कॉलेजात याल तेव्हा मला नमस्कार करू नका. नाव वाचू नका. दोघंजण लागतात, एक वरच्या टोकाला आणि एक खालच्या. मला उचला आणि आडवी घाला. कोणी रागावलं तर माझं नाव सांगा, बाईंचं नको. मी झेलीन, मला सवय आहे. आणि नाव पुसायचा धीर नसेल होत, तर राहू द्या. चाकानं, तळव्यांनी, पोरांच्या पायांनी ते हळूहळू आपोआप जाईल. जायला चार-पाच वर्षं लागतील. तोवर बाई माझ्यासोबत त्या पोरांचं ओझं उचलेल. तिला ते आवडेल, असं मला वाटतं.

पायऱ्यांपाशी वनानं ठेवलेले पाचरीचे दोन दगड अजून आहेत. कोणी हलवले नाहीत. माझी जागा तीच. उद्या बघू म्हणू नका.